पनवेलच्या लेथवर जर्मन क्लॅरनेट

देशावरून पनवेलला उतरलेली बैलगाडी परतताना चाकांची नवी जोडी घेऊनच निघे, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात आहे. गाड्यांची चाकं करणं हा या गावाचा मुख्य उद्योग होता. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि पुण्याकडची वाहतूक पनवेलच्या बंदराशी येऊन थांबू लागली. पुढे मुंबईपर्यंत पाण्याची वाट. घाट चाकं खायचा आणि पनवेलचे सुतार ती पुन्हा उभी करून द्यायचे. तुंबा, त्यात ठोकलेले आरे, वरून तापवून चढवलेली लोखंडी धाव. १८६३ साली आगगाडी घाट चढून गेली आणि ही वर्दळ हळूहळू ओसरली.

पनवेलला एका जर्मन क्लॅरनेटचं बॅरल लेथवर कातायचंय, बघायला या, असा मास्तरांचा निरोप आला तेव्हा मला आधी ही चाकं आठवली. ज्या गावानं पिढ्यान् पिढ्या लाकूड गोल करून विकलं, तिथंच हे काम निघावं याचा मला मनापासून आनंद झाला.

मास्तर म्हणजे पनवेल-उरण पट्ट्यातल्या एका ब्रास बँडचे प्रमुख. त्यांचं वाजवणं मी पहिल्यांदा ऐकलं ते उरणच्या वाटेवरच्या एका गावात, हळदीला. मांडवात धवलारीण लग्नाची गाणी, म्हणजे धवले, म्हणत होती, बायका तिच्यामागे ओळ धरत होत्या, आणि ते संपल्यावर बाहेर बँड सुरू झाला. ट्रम्पेट, युफोनियम, ढोल, ताशा, कीबोर्ड आणि या सगळ्या गदारोळाच्या वर तरंगणारा क्लॅरनेट. त्या क्लॅरनेटमधून निघणारी मींड मी विसरू शकलो नाही. धवल्याची चाल जिथं एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत उतरत होती, तिथं हे लाकडी वाद्यही तसंच उतरत होतं; मध्ये कुठं पायरी नाही. नंतर मांडवामागे मास्तरांनी वाद्य हातात दिलं आणि वरच्या भागावरच्या पुसट इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवलं. तिथं ‘जर्मनी’ असा शिक्का होता. कारागिराचं नाव नव्हतं. हा क्लॅरनेट त्यांच्या आजोबांनी मुंबईत जुनाच विकत घेतला होता. आजोबा मूळचे सनईवाले.

हार्बर लोकलनं निघालो. वाशीची खाडी ओलांडली की गाडीतली गर्दी पातळ होते, बेलापूरनंतर डावीकडे खारघरचे डोंगर येतात, मग मानसरोवर, खांदेश्वर, आणि शेवटचं पनवेल. आकाश स्वच्छ होतं म्हणून दक्षिणेकडं कर्नाळ्याचा सुळका दिसत होता. स्टेशनबाहेरचं पनवेल उंच इमारतींचं आहे. रिक्षा जुन्या गावात शिरली की रस्ते आवळतात, दुकानांच्या वर लाकडी गॅलऱ्या दिसू लागतात, १८४९ सालचं बेने इस्रायलींचं बेथ एल सिनेगॉग याच जुन्या वस्तीत आहे. वडाळे तळ्याच्या कडेनं थोडं चाललो. मास्तर तिथं उभे होते, हातात काळी पेटी.

“मिस्त्री तयार आहेत, दादा. लाकूडही मिळालं. जुन्या पलंगाचा पाया. शिसवी.”

मिस्त्रींचं दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक मोटारीवर चालणारा लाकडाचा लेथ, भिंतीवर टांगलेल्या पटाशा आणि जमिनीवर भुशाचा थर. ते पोळपाट-लाटणी, पाळण्याच्या दांड्या, झोपाळ्याचे खूर, देव्हाऱ्याचे खांब करतात. क्लॅरनेटचं काम त्यांनी कधी केलेलं नव्हतं. त्यांनी मास्तरांकडून पेटी घेतली, मांडीवर फडकं पसरलं आणि एकेक भाग त्यावर मांडला. वर माउथपीस, खाली बॅरल म्हणजे जेमतेम बोटभर लांबीचा पोटफुगा तुकडा, मग वरचा सांधा, खालचा सांधा, शेवटी कर्ण्यासारखी बेल. सगळं जोडलं की दोन फुटांहून थोडं जास्त. लाकूड काळं ग्रेनॅडिला. हे आफ्रिकेतलं लाकूड, टांझानिया-मोझांबिककडचं, आणि आपल्या शिसवाच्याच कुळातलं. दोन्हींचं वनस्पतिशास्त्रीय घराणं एकच, डॅल्बर्जिया. मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पलंगाचा पाया आणि वाद्याचा सांधा दोन हातांत घेऊन वजनाचा अंदाज घेतला. “तुमचं जड आहे. पण रेषा जवळची आहे.”

किल्ल्या जर्मन सिल्व्हरच्या होत्या. आपल्या घरांतून या धातूची ताटं-वाट्या असायच्या. नावात चांदी असली तरी त्यात चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त. १८२३च्या सुमाराला सॅक्सनीत आणि बर्लिनमध्ये तो धंद्याच्या प्रमाणावर तयार होऊ लागला आणि वाद्यं करणाऱ्यांनी तो उचलला, कारण पितळेपेक्षा तो कडक होता आणि घामानं लवकर काळवंडत नव्हता. कोकणातल्या दमट हवेत शंभर वर्षांच्या वर काढलेल्या त्या किल्ल्या अजून सरळ होत्या.

देशाचं नाव आहे आणि कारागिराचं नाही, याला कारण आहे. सॅक्सनीच्या दक्षिण टोकाला, बोहेमियाच्या सीमेवर मार्कनॉयकिर्शेन नावाचं गाव आहे. १६७७ साली तिथं व्हायोलिन करणाऱ्यांचा संघ स्थापन झाला, आणि पुढच्या दोन शतकांत तो सगळा टापूच वाद्यांचा झाला. घरोघरी कोणी फक्त किल्ल्या घडवी, कोणी फक्त लाकूड कातून देई, कोणी सांधे बसवी, आणि व्यापारी ते गोळा करून जगभर पाठवी. वाद्यांची निर्यात इतकी मोठी होती की १८९३ साली अमेरिकेनं त्या लहानशा गावात आपली वकिलात उघडली. अशी वाद्यं पुष्कळदा बिननावाचीच जात. १८८७ साली ब्रिटननं आणि १८८९ साली हिंदुस्थान सरकारनं मालावरच्या खुणांचे कायदे केले आणि परक्या मालावर देशाचं नाव घालणं व्यापाऱ्यांना भाग पडू लागलं. मास्तरांच्या वाद्यावरचा शिक्का त्या काळानंतरचा असणार. ज्याच्या पटाशीनं हे लाकूड आतून गुळगुळीत केलं, त्याचं नाव मात्र कुठंच राहिलं नाही. पनवेलच्या चाकांवरही सुतारांची नावं नसायची.

शिक्क्याखाली आणखी एक खूण होती: उंच पट्टी. सगळा प्रश्न तिथंच होता, आणि त्यासाठीच नवं बॅरल हवं होतं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी लष्कराचे बँड आजच्यापेक्षा चढ्या पट्टीत वाजत. आज जो धैवत सेकंदाला ४४० कंपनांचा धरतात, तो त्यांच्याकडे ४५२च्या आसपास होता. १८९०च्या दशकात लंडनच्या वाद्यवृंदांनी पट्टी खाली आणली, लष्करानं मात्र १९२०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत जुनीच धरून ठेवली. ४४०वर आंतरराष्ट्रीय सहमती झाली ती १९३९ साली. मधल्या काळात इंग्रजांच्या साम्राज्यात विकलेले कितीतरी क्लॅरनेट उंच पट्टीचे होते. फरक अर्ध्या स्वराच्याही निम्मा आहे. कानाला तो बोचतो. मास्तरांच्या बँडमध्ये कीबोर्डवाला मुलगा बटण फिरवून आपली पट्टी चढवतो, पण ट्रम्पेटला तेवढं चढता येत नाही. नळी पूर्ण आत ढकलली तरी तो खालीच राहतो.

वाद्याची पट्टी उतरवायची तर नळी लांब करायची, आणि क्लॅरनेटमध्ये नळी लांब करण्याची सर्वांत सोपी जागा बॅरल. जुनं बॅरल अठ्ठावन्न मिलिमीटरचं होतं. मास्तरांना सहासष्टचं हवं होतं.

मिस्त्रींनी पलंगाच्या पायाचा तुकडा कापून लेथवर चढवला, पण बाहेरून गोल करायला घेतलं नाही. आधी आतलं भोक. वाद्यं करणारे जर्मन कारागीरही हाच क्रम पाळत: लाकूड वर्षानुवर्षं वाळवायचं, आधी आत बोअर पाडायचा, मग त्या भोकात दांडा घालून त्याच्या आसाभोवती बाहेरचा आकार कातायचा. उलट केलं तर भोक मध्यावर राहत नाही, भिंत एकीकडं जाड आणि एकीकडं पातळ होते. हे मिस्त्रींना कुणी शिकवलेलं नव्हतं. तुंबा करणाऱ्यालाही हेच करावं लागतं असं ते म्हणाले. त्यांच्या वडिलांनी तरुणपणी शेवटची काही चाकं केली होती. बारीक ड्रिल, मग थोडं मोठं, शेवटी पंधरा मिलिमीटरचं. लाकूड तापू नये म्हणून मध्ये मध्ये थांबत. दुकानात शिसवाचा गोडसर वास पसरला.

ते चालू असताना मास्तर माझ्याशेजारी बाकावर बसून जुन्या सांध्याला दोरा गुंडाळत होते. सांधे एकमेकांत बसतात तिथं आता बूच लावण्याची पद्धत आहे. मास्तर मेणात बुडवलेला सुती दोरा वापरतात, कारण बूच मुंबईहून आणावं लागतं आणि दोरा घरात असतो. संग्रहालयांत ठेवलेल्या अठराव्या शतकातल्या क्लॅरनेटांवरही मेणाचा दोराच आहे. बूच नंतर आलं. माउथपीसवर पत्तीही त्यांनी दोऱ्यानंच आवळली होती, धातूच्या पट्टीनं नाही. जर्मनीतले वादक अजूनही पत्ती दोरीनं बांधतात आणि त्यांच्या माउथपीसवर त्यासाठी बारीक खाचा असतात. मास्तरांच्या माउथपीसवर त्या होत्या. त्या खाचा कशासाठी आहेत हे त्यांना कुणी सांगण्याची गरज पडली नाही, दोरा आपोआप त्यांत बसला.

क्लॅरनेटच्या जन्माची गोष्ट मला या दुकानात बसून सांगावीशी वाटते, कारण तीही एका लेथवरच घडली. न्यूरेंबर्ग शहरात योहान क्रिस्टोफ डेनर नावाचा कारागीर होता, १६५५ ते १७०७. त्याचे वडील शिकारीची शिंगं आणि पक्ष्यांना भुलवणाऱ्या शिट्ट्या करत. त्या काळी शालुमो नावाचं एक साधं वाद्य होतं: सरळ नळी, भोकं, वर एकपाती रीड. आवाज मधुर, पण ते फारसं वर जात नसे. १७०० सालाच्या आसपास डेनरनं त्याच्यात सुधारणा केली. त्या घराण्यात तयार झालेल्या दोन किल्ल्यांच्या वाद्यात मागच्या बाजूला, अंगठ्याशी, एक लहानसं भोक होतं. ते उघडलं की नळी एकदम वरच्या स्वरांत उडी घेई. डेनरनंतर तेवीस वर्षांनी, १७३० साली, न्यूरेंबर्गच्याच डोपेलमायर या लेखकानं क्लॅरनेटच्या शोधाचं श्रेय त्याला दिलं.

ही उडी कळली की बाकी सगळं कळतं. सनईची नळी खाली रुंदावत जाते. तिच्यात सा धरून फुंकर वाढवली तर तार षड्ज येतो. क्लॅरनेटची नळी वरपासून जवळजवळ खालपर्यंत एकाच जाडीची, आणि रीडच्या बाजूनं बंद. तिच्यात सा धरून फुंकर वाढवली तर तार षड्ज लागतच नाही. लागतो त्याच्याही वरचा पंचम. म्हणून खालच्या सुरापासून या उडीपर्यंत सात नव्हे, अकरा स्वरांची वाट भोकांनी भरून काढावी लागते. माणसाच्या हातांना बोटं दहा, त्यातला एक अंगठा वाद्य पेलण्यात अडकलेला. मग लांबच्या भोकांवर किल्ल्या बसवायच्या. क्लॅरनेटवरच्या धातूच्या जंजाळाचं मूळ एवढंच आहे.

दोनाच्या पाच झाल्या, पाचाच्या सहा. मोत्सार्टनं १७९१ साली आपला क्लॅरनेट कॉन्चेर्टो लिहिला तो अशाच थोड्या किल्ल्यांच्या लाकडी वाद्यासाठी, आन्तोन श्टाडलर या वादकाकरता. मग १८१२ साली इवान म्यूलर नावाचा जर्मन वादक तेरा किल्ल्यांचा क्लॅरनेट घेऊन पॅरिसच्या संगीत विद्यालयात गेला. त्याचा मोठा शोध किल्ल्यांच्या खालच्या गादीत होता. आधी चामड्याचा सपाट तुकडा भोकावर दाबला जाई आणि हवा निसटे. म्यूलरनं लोकर भरलेली गोल, फुगीर गादी केली आणि भोकाभोवतीची कड वर उचलली, म्हणजे गादी त्या कडेवर घट्ट बसावी. विद्यालयाच्या समितीनं वाद्य नाकारलं. एकच क्लॅरनेट सगळ्या सुरावटी वाजवू लागला तर वेगवेगळ्या पट्टीच्या क्लॅरनेटांचे वेगवेगळे रंग हरवतील, असं त्यांचं म्हणणं होतं. वादकांनी मात्र म्यूलरचंच ऐकलं, आणि तो तेरा किल्ल्यांचा साचा जर्मनीत घट्ट रुजला.

मास्तरांचं वाद्य त्याच साच्याचं. मी किल्ल्या मोजल्या, तेरा होत्या. एका किल्लीची गादी उडाली होती आणि तिथं मास्तरांनी पांढऱ्या चामड्याचा गोल कापून आत कापूस भरून बसवला होता, लोकर मिळाली नाही म्हणून.

साच्यापलीकडं फ्रान्सची वाट वेगळी गेली. वादक क्लोझे आणि कारागीर ब्युफे यांनी १८३९ ते १८४३ या काळात बोटांच्या भोकांभोवती कड्या बसवल्या. बोट भोक झाकतं तेव्हा कडी दबते आणि लांबच्या दुसऱ्या भोकावरची गादी हलते. म्हणजे एका बोटानं दोन कामं. कठीण ओळी सोप्या झाल्या, आणि आज जगातले बहुतेक वाद्यवृंद हाच क्लॅरनेट वापरतात. जर्मनी आणि ऑस्ट्रिया मात्र आपल्या वाटेवर राहिले. कार्ल बेअरमान, मग ऑस्कर ओलर यांनी जुन्याच साच्यात भर घातली. म्युनिकच्या गेऑर्ग ओटेनश्टायनरनं बॉक्सवुडमध्ये केलेल्या वाद्यांवर रिखार्ड म्यूलफेल्ड वाजवत असे. त्याला ऐकून ब्राम्सनं, नवीन काही लिहायचं नाही असं ठरवलेलं असताना, १८९१ साली क्लॅरनेट क्विंटेट लिहिलं. ती वाद्यं माइनिंगनच्या संग्रहालयात आहेत आणि आजचे कारागीर त्यांच्या प्रतिकृती करतात. त्या प्रतिकृतींवर वाजवलेलं मी ऐकलं आहे. तो आवाज मऊ आहे, थोडा झाकलेला, माणसाच्या गळ्याच्या फार जवळचा.

मी मास्तरांना विचारलं, नवा फ्रेंच पद्धतीचा क्लॅरनेट का नाही घेतलात?

“घेतला होता की. विकला.” त्यांनी जुन्या बॅरलवर वाद्य जोडलं, पत्ती ओठांत ओली केली आणि खालच्या सांध्यावरचं बोट भोकावरून अगदी सावकाश, कातडी घासत मागं ओढलं. गंधारावरून मध्यम असा वर आला की मधली जागाच दिसेना. “नव्यावर हे होत नाही. बोट अर्धं उचललं की कडी उडते, तिकडं लांब काहीतरी उघडतं आणि सूर तुटतो. ह्यावर बोट आणि लाकूड, मध्ये कोण नाय.”

मी या प्रवासाला निघालो ते हे पाहायला, असं मला तेव्हा वाटलं. बोटाखाली उघडं भोक असेल तर ते पाव, अर्धं, पाऊण उघडता येतं, आणि सूर त्या प्रमाणात सरकतो. सनईवाल्याच्या बोटांना हीच सवय असते. आजोबांनी सनई ठेवून हा क्लॅरनेट हाती घेतला तेव्हा त्यांच्या बोटांना नवं शिकावं लागलं ते फक्त किल्ल्यांचं. मींडेची विद्या त्यांनी बरोबर आणली होती, आणि या जुन्या जर्मन बांधणीनं ती अडवली नाही.

जगात इतरत्रही असंच झालं. दक्षिणेत क्लॅरनेट आधी तंजावरच्या दरबारी आला. मराठ्यांचं तंजावर, सरफोजी राजे दुसरे यांचं, जिथं युरोपीय वाद्यं हौसेनं आणली गेली. पुढे तिथल्या नृत्याच्या साथीत त्यानं मुखवीणेची जागा घेतली आणि विसाव्या शतकात नादस्वरमच्या घराण्यात वाढलेल्या ए.के.सी. नटराजन यांनी त्याला कर्नाटक संगीताच्या मैफलीत बसवलं. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. कर्नाटक संगीतातले गमक वाजवणारे हे वादक साध्या, कमी कड्यांच्या क्लॅरनेटलाच धरून राहिले. तुर्कस्तानातले वादक तेच करतात, कारण त्यांच्या मकामांतले स्वर आपल्या श्रुतींसारखे दोन पट्ट्यांच्या मध्ये राहतात. न्यू ऑर्लीन्समध्ये जॅझ सुरू झालं तेव्हा सिडनी बेशे आणि जॉनी डॉड्स यांच्या हातांतही जुन्याच पद्धतीची वाद्यं होती. युरोपच्या वाद्यवृंदांनी जे मागं ठेवलं ते घसरत्या सुरांच्या लोकांनी उचललं. स्वस्त मिळालं म्हणून उचललं, हे खरं आहे. पण ठेवलं ते कामाचं होतं म्हणून. सुधारणा कुणासाठी झाली, हा प्रश्न वाद्यांच्या इतिहासात फार कमी विचारला जातो. फ्रेंच कड्यांनी झटपट पळणाऱ्या ओळी सोप्या केल्या आणि सरकणारे सूर कठीण केले. धवल्याच्या बाजूनं पाहिलं तर ती सुधारणा नव्हती.

आपल्याकडच्या बँडांची बहुतेक वाद्यं आता मेरठहून येतात. तिथल्या जली कोठीत हा धंदा आहे, आणि १८८५ साली सुरू झालेल्या नादिर अली कंपनीचं नाव त्यात जुनं. तिथं साध्या पद्धतीचे क्लॅरनेट अजून होतात. मास्तरांच्या बँडमधला दुसरा क्लॅरनेट तिथलाच. म्हणजे न्यूरेंबर्गहून निघालेली ही बांधणी थांबलेली नाही, तिचा लेथ तेवढा बदलला.

बोअर झाला होता. मिस्त्रींनी लोखंडी सळईला पॉलिश पेपर गुंडाळून आतून फिरवला, बोट घातलं, पुन्हा फिरवला. मग दोन्ही टोकांना आत खण काढायचे, वर माउथपीस बसायला, खाली वरचा सांधा. या दोन खणांचा व्यास बोअरपेक्षा मोठा, आणि एकमेकांपासून थोडा वेगळा. इथं वेळ लागला. मिस्त्री कॅलिपरनं जुन्या बॅरलचं माप घेत, नव्यात उतरवत, सांधा घालून बघत, काढत, केसभर खरवडत. दोरा गुंडाळलेला सांधा फार घट्ट बसला तर पावसाळ्यात लाकूड फुगून निघणार नाही. फार सैल बसला तर उन्हाळ्यात हवा निसटेल. मास्तर दर वेळी एकच शब्द बोलत, “अजून.”

मग दांड्यावर चढवून बाहेरचा आकार. पटाशी लागली तशी शिसवाची लांब, जांभळट काळी साल सुटू लागली. मधला फुगवटा मिस्त्रींनी जुन्यापेक्षा थोडा भरदार ठेवला, डोळ्याला बरा दिसतो म्हणून, आणि मला तो खरोखरच जुन्याहून देखणा वाटला. बॅरल तडकतं ते टोकांशी, म्हणून दोन्ही टोकांना धातूची कडी लागते. जुन्याला जर्मन सिल्व्हरची होती. मिस्त्रींनी पितळी नळीच्या दोन चकत्या कापल्या, आतून घासल्या, स्टोव्हवर तापवल्या आणि चिमट्यानं पकडून लाकडावर सरकवल्या. थंड झाल्या तशा त्या आवळून बसल्या. बैलगाडीच्या चाकाला धाव अशीच चढवतात. या गावात ती रीत अजून कुणाच्या तरी हातात आहे हे पाहून मला फार बरं वाटलं.

जवसाचं तेल आतून-बाहेरून लावलं, पुसलं. मास्तरांनी नवं बॅरल घालून वाद्य जोडलं आणि फोनवर ४४०चा सूर लावून खालपासून सगळे स्वर तपासले.

खालचे स्वर, जिथं सगळी भोकं झाकलेली असतात, ते थोडेच उतरले. मधले जवळजवळ बरोबर आले. पण वरच्या सांध्यावरचे, जिथं नळीचा अगदी वरचाच भाग वाजतो, ते नको तेवढे खाली गेले. असंच होणार होतं. आठ मिलिमीटर म्हणजे साठ सेंटिमीटरच्या नळीत थोडंसं, पण वीस सेंटिमीटरच्या नळीत पुष्कळ. उंच पट्टीच्या वाद्याला खालच्या पट्टीत आणायचं तर खरं म्हणजे प्रत्येक भोक थोडं खाली सरकवायला हवं, आणि भोकं सरकवता येत नाहीत. जर्मन कारागीर ती आतल्या बाजूनं किंचित रुंद करून एकेक सूर जुळवत. शंभर वर्षांच्या वाद्याला तशी पटाशी लावण्याची कल्पना मास्तरांनी बोलूसुद्धा दिली नाही.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “सूर वर असला तर ओठ सैल सोडून खाली आणता येतो. खाली असला तर वर ओढायला दम लागतो आणि आवाज चिरतो. मिस्त्री, दोन मिली काढा.”

दोन मिलिमीटर काढायचे म्हणजे खालचं कडं काढून टोक छाटायचं, खण पुन्हा खोल करायचा, कडं पुन्हा तापवायचं. मिस्त्रींनी कुरकुर केली नाही. चौसष्ट मिलिमीटरला वरचे स्वर बरोबर ४४०वर आले, बाकीचे किंचित चढे राहिले, ते मास्तर ओठानं सांभाळत होते. मी ऐकत होतो आणि मला ते सांभाळणं ऐकू येत नव्हतं. त्यांनी एक कोळीगीत पूर्ण वाजवलं, शेजारच्या दुकानातली माणसं दारात येऊन उभी राहिली.

मिस्त्रींनी एका पुठ्ठ्यावर तिन्ही व्यास आणि लांबी पेन्सिलीनं लिहून भिंतीवर खिळ्याला अडकवलं, झोपाळ्याच्या खुरांच्या मापांशेजारी. मेरठच्या क्लॅरनेटलाही असंच बॅरल हवं आहे आणि ते खैराचं करून बघू, असं दोघांचं ठरलं. खैर कोकणातला, शिसवाहून कडक, आणि पाण्याला दाद न देणारा. पैशांवरून थोडी ओढाताण झाली. मिस्त्री मजुरी घ्यायला तयार नव्हते, मास्तर दिल्याशिवाय निघायला.

संध्याकाळी उरणकडं हळद होती. पेटीत जुनं आणि नवं अशी दोन्ही बॅरलं ठेवून मास्तरांनी कीबोर्डवाल्या मुलाला फोन लावला.

“बाळा, आज मशीन रोजच्याएवढं वर चढवू नको. निम्म्याहून कमी. आणि ट्रम्पेटवाल्यांना सांग नळी आत ढकलून ठेवा, मी आल्यावर मिळवून घेऊ.”

मीही त्यांच्याबरोबर त्याच टेम्पोत चढलो.